पाणी यायच्या आधी विचारायचे प्रश्न

(रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात आपत्कालीन समितीच्या वतीने केलेलं भाषण. अनेक सभासदांच्या आग्रहावरून ते इथे जवळपास जसंच्या तसं छापत आहोत. – संपादक मंडळ)



मला वीस मिनिटं दिलेली आहेत. पुढे गाण्यांचा कार्यक्रम आहे, त्यामुळे ती मर्यादा मी पाळणार आहे. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी आग, पूर, भिंत पडणं असले विषय काहींना अशुभ वाटतील. पण वास्तुशांतीच्या वेळी आपण अग्नी आणि वरुण या दोघांचीही पूजा केलीच होती. त्यांच्याशीच आपलं नातं कसं ठेवायचं, एवढंच बोलायचं आहे. आणि या दोघांच्या मध्ये उभं असलेलं जे तिसरं दैवत, म्हणजे सरकारी कार्यालय, त्याच्याशीही.

सुरुवात २००५ सालापासून करते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच वेळी, त्याच शहरात, कुलाब्याला नोंद झाली ती अवघ्या ७३ मिलिमीटरची. मुंबईत आणि आसपास शेकडो माणसं गेली. नंतर सगळे म्हणाले, असा पाऊस पडल्यावर कोण काय करणार? पाऊस अभूतपूर्व होता यात वादच नाही. पण पावसाचं पाणी वाहून नेणारी मुंबईची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती आणि ती ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायला हवी, असं सांगणारा अहवाल १९९३ मध्येच तयार झालेला होता. 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल म्हणून तो प्रसिद्ध आहे. पुढच्या बारा वर्षांत त्यातली बरीच कामं झाली नव्हती. ती झाली असती तरी २६ जुलैला पाणी तुंबलंच असतं. पण किती उंच चढलं असतं आणि किती तास राहिलं असतं, यात फरक पडला असता. पुरात माणूस वाचतो की जातो हे बऱ्याचदा एवढ्याच फरकावर ठरतं.

म्हणजे अहवाल होता, आकडे होते. नव्हता तो दर वर्षी जाऊन "यातलं या वर्षी काय झालं?" असं विचारणारा शेजार. प्रत्येक गल्लीने आपल्या गल्लीपुरतं जरी विचारलं असतं, तरी ती फाईल कपाटात इतकी निवांत झोपली नसती.

त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला. आणि डिसेंबरमध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. हे दोन कायदे मला जुळी भावंडं वाटतात. दुसऱ्याने सरकारवर कामं सोपवली, पहिल्याने ती झाली का हे बघण्याची किल्ली आपल्या हातात दिली. आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असतं. जिल्ह्याचा आराखडा करायचा आणि तो दर वर्षी तपासून अद्ययावत करायचा, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. आपल्या महापालिकेसारख्या संस्थेने कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, साधनसामग्री केव्हाही वापरता येईल अशा स्थितीत ठेवायची, हेही लिहिलेलं आहे. म्हणजे आपण विचारायला जातो ते काही उपकार मागायला नाही. ठरलेलं काम झालं का, एवढंच विचारायला जातो.

आता आपल्या घरची गोष्ट. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मागचा ओढा फुगला आणि डी विंगच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलं, हे इथल्या सगळ्यांना पाठ आहे. पंपाची मोटर जळली, चार दिवस टँकर आणावे लागले. त्या रात्री आपण सगळ्यांनी मिळून किती फोन केले असतील! प्रत्येक वेळी उत्तर एकच, "माणसं पाठवतो." पाणी सकाळी आपलं आपण ओसरलं. माणसं दुपारी आली, फोटो काढून गेली.

तेव्हा सोसायटीत दोन पक्ष पडले होते. एक पक्ष म्हणत होता, मोर्चा नेऊ, पेपरमध्ये देऊ. दुसरा म्हणत होता, सरकारकडून काही होत नाही, आपणच पैसे काढून भिंत उंच करू. दोन्ही पक्षांचा राग खरा होता. पण आमच्या समितीने तिसराच उद्योग केला. पाऊस पूर्ण थांबेपर्यंत थांबलो आणि नोव्हेंबरमध्ये दहा रुपयांचा माहितीचा अर्ज टाकला.

अर्ज कसा लिहायचा, यातही शिकण्यासारखं आहे. "नालेसफाई का होत नाही?" असं विचारलं तर काहीही मिळत नाही. 'का'चं उत्तर देणं त्या कायद्यात बसत नाही. कार्यालयाच्या दफ्तरी जे आहे तेच मागता येतं. म्हणून आपण विचारलं: गेल्या दोन वर्षांत या ओढ्याच्या सफाईचे जे कार्यादेश निघाले त्यांच्या प्रती, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, आणि गाळ वाहून नेल्याच्या वजनकाट्याच्या पावत्या. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा असा नियम आहे. तो पाळला की अर्ज परत पाठवायला निमित्त उरत नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करायचं, आणि तिथेही भागलं नाही तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. जिवाचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत उत्तर देण्याची तरतूद आहे. आणि बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, पण चालू असलेल्या कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

कागद आले. आम्ही ते क्लब हाऊसच्या कॅरम बोर्डावर पसरून वाचले. एक कार्यादेश वरच्या अंगापासून पुलापर्यंतचा होता. दुसरा खालच्या रस्त्यापासून पुढचा होता. पूल आणि रस्ता यांच्या मधला नव्वद मीटरचा तुकडा, म्हणजे नेमका आपल्या मागचा, दोन्हींत नव्हता. कुणी पैसे खाल्ले नव्हते. कुणी कामचुकारपणाही केला नव्हता. यादीत ती ओळच नव्हती! दोन कार्यालयांची हद्द तिथे मिळत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, ते दुसऱ्याचं आहे. वर्षानुवर्षं आपण ज्यांना शिव्या देत होतो, त्यांना आपला तुकडा आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हतं.

त्यानंतर आपण दोन्ही कार्यालयांना एकच पत्र दिलं आणि संयुक्त पाहणी मागितली. एक तरुण अभियंता आला. आपल्या बी विंगच्या निवृत्त ओव्हरसियर काकांनी टेपचं एक टोक धरलं, त्याने दुसरं. मोजमाप झालं, त्याचा कागद झाला, त्यावर सह्या झाल्या. पुढच्या वर्षाच्या कामांचं अंदाजपत्रक तयार व्हायच्या आधी हे घडलं म्हणून ते यादीत गेलं. हेच आपण जूनमध्ये केलं असतं तर उत्तर आलं असतं, "पुढच्या वर्षी बघू." मे महिन्यात पोकलेन आलं. गाळ किती डंपर निघाला ते आपल्या पोरांनी मोजलं आणि वहीत लिहिलं. त्या वर्षी पाणी पार्किंगच्या पहिल्या पायरीशी थांबलं. पाऊसही जरा कमी होता, हेही सांगायला हवं, नाहीतर समितीला उगाच फुकटचं श्रेय मिळेल.

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकले. पाणी ओसरल्यावर विचारलेला प्रश्न ही तक्रार असते. पाणी यायच्या आधी विचारलेला प्रश्न ही तयारी असते. प्रश्न तोच, कार्यालय तेच. फक्त महिना वेगळा.

आता जरा आपल्याकडे वळते, कारण दुसऱ्याला जाब विचारणाऱ्याचं घर आधी बघितलं जातं. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्यात मालकावर आणि भोगवटादारावर आहे, म्हणजे आपल्यावर. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून 'नमुना ब' प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि दर जुलैत द्यावं लागतं. म्हणजे बघा, नालेसफाईचा हिशेब आपण वर्षातून एकदा मागतो आणि कायदा आपल्याकडे वर्षातून दोनदा मागतो! आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं, तिशीनंतर तीन वर्षांतून एकदा. आपण आज पंचविशीत आहोत. माणसाचं चाळिशीनंतर जसं शुगर-बीपी, तसं इमारतीचं हे.

कागदापलीकडे काही साध्या गोष्टी आहेत. जिन्याच्या वळणावर ठेवलेलं चपलांचं कपाट, जुनी सायकल, 'तात्पुरती' म्हणून आलेली आणि आता मतदार यादीत नाव घालावं इतकी जुनी झालेली गादी. धुरात माणसाला समोरचं दिसत नाही, तो भिंतीला हात लावून उतरतो. त्या हाताला कपाट लागलं की संपलं. गच्चीच्या दाराची एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये हवीच. आणि पटांगणात पिवळ्या रंगाने आखलेली जागा बंबासाठी आहे. "पाचच मिनिटं लावतो" म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, आग पाच मिनिटं थांबत नाही.

समितीने एक छोटी वही केली आहे. ज्यांना जिना स्वतः उतरता येत नाही अशांची. एकटे राहणारे आजी-आजोबा, ऑक्सिजनचं मशीन असलेलं घर, नुकतीच बाळंतीण असलेलं घर. प्रत्येक नावापुढे त्याच मजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांची नावं आहेत. ही वही ग्रुपवर टाकत नाही. ती बंद पाकिटात केबिनमध्ये असते आणि दर तीन महिन्यांनी बदलते. आपली रंगीत तालीम २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर होते, कारण त्या दिवशी तसेही सगळे खाली आलेले असतात. जिलेबी तालमीनंतर मिळते, आधी नाही. हा नियम केल्यापासून उपस्थिती बरीच सुधारली आहे.

आता ज्या विषयावरून गेल्या सर्वसाधारण सभेत आवाज चढले होते, त्यावर बोलते. मागची सीमाभिंत.

२९ जून २०१९ च्या मध्यरात्री पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत पावसात कोसळली आणि भिंतीपलीकडे पत्र्याच्या खोल्यांत झोपलेली पंधरा माणसं गेली. बांधकामावर काम करणारे मजूर आणि त्यांची मुलंबाळं. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यातच आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हाही भिंती कोसळल्या आणि माणसं दगावली. भिंत अचानक पडत नाही. मागची माती पाणी पिते, फुगते आणि भिंतीला रेटा देते. ते पाणी झिरपून बाहेर जावं म्हणून भिंतीला खाली भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की रेटा वाढत जातो आणि एक दिवस भिंत आडवी होते. ती आपल्या बाजूला पडत नाही, पलीकडे पडते, कारण माती आपल्या बाजूला आहे.

आपल्या भिंतीपलीकडे काय आहे, हे मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. तिथे कुटुंबं राहतात. त्यांतल्या काही बायका आपल्याच घरांत पोळ्या करतात. सभेत एका सभासदांनी विचारलं, "ते अनधिकृत राहतात, त्यांची जबाबदारी आपली कशी?" प्रश्न सरळ होता, म्हणून उत्तरही सरळ देते. ते तिथे राहावेत की नाही, हे ठरवणं आपल्या हातात नाही. भिंत मात्र आपली आहे. तिच्या दुरुस्तीचा ठराव आपण नऊ मतांच्या फरकाने मंजूर केला. भोकं साफ झाली, भिंतीलगत टाकलेला राडारोडा उचलला, इंजिनीअरने तपासून अहवाल दिला. ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांनीही वर्गणी वेळेवर भरली, हे मी मुद्दाम इथे सांगते. आणि पलीकडच्या चार घरांचे फोन नंबर आता आपल्या वहीत आहेत. अतिवृष्टीच्या रात्री क्लब हाऊस त्यांच्यासाठी उघडायचं, हेही ठरलेलं आहे. सरकारकडे आपण मागतो ती हीच गोष्ट: ज्याच्या अखत्यारीत जे येतं, त्याने ते वेळेवर बघावं. आपल्या अखत्यारीत भिंत येते.

बच्चेकंपनीचं एक कौतुक करायचं आहे. गच्चीवर ज्या सरळ काचेच्या बरणीला तुम्ही हसता, तो आपला पर्जन्यमापक आहे. आठवी-नववीतली मुलं पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी पट्टीने मोजून लिहितात. साडेआठलाच का, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. मघाशी सांगितलं, एकाच शहरात एकीकडे ९४४ आणि दुसरीकडे ७३. शहराचा आकडा आपल्या ओढ्याचा आकडा नसतो. आता आपल्या पत्रात आपण "खूप पाऊस झाला" असं लिहीत नाही. किती मिलिमीटर झाला आणि मोरीवरून पाणी किती वाजता गेलं, हे लिहितो. त्या अभियंत्याने या वहीची झेरॉक्स मागून नेली.

आता जे झालेलं नाही ते. रस्त्याखालच्या मोरीत दोनच पाइप आहेत आणि ते अपुरे आहेत, हे पाहणीच्या कागदातच लिहिलेलं आहे. मोरी रुंद करण्याच्या मागणीवर उत्तर आलं, "निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल." या वाक्याचा मराठी अर्थ आपल्या सगळ्यांना कळतो. त्यामुळे पुढच्या मोठ्या पावसात पार्किंगमध्ये पाणी येणार नाही, असं मी आज सांगू शकत नाही. हे काम बाकी आहे आणि ते एका वर्षात होणारं नाही.

म्हणून वर्षाचं वेळापत्रक सांगते. नोव्हेंबरमध्ये पत्र आणि माहितीचा अर्ज. अंदाजपत्रकाचे दिवस आले की मोरीच्या कामाची लेखी सूचना. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून अशा सूचना मागवायला सुरुवात केली. जिथे कुणी मागवत नाही तिथेही लेखी सूचना द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. जानेवारी आणि जुलै, आपलं स्वतःचं 'नमुना ब'. मे महिन्यात ओढ्याच्या सफाईची पाहणी. आणि काहीच हललं नाही, तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन. तिथे आधी अर्ज देऊन आपलं गाऱ्हाणं थेट वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर मांडता येतं. प्रत्येक पत्राची पोच घ्यायची. पोच नसलेलं पत्र म्हणजे आपण आपल्याशीच केलेल्या गप्पा.

आणि घरोघरी फ्रिजवर चार नंबर हवेत: ११२ कोणत्याही संकटासाठी, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष. ग्रुपवर 'धरण फुटलं' असा मेसेज आला की तो पुढे ढकलण्याआधी या शेवटच्या नंबरवर विचारायचं.

आमच्या समितीत पाच जण आहेत आणि पाचही जणांची सरासरी वयोमर्यादा आता रेल्वेच्या जुन्या सवलतीत बसेल इतकी आहे. ही कामं करायला हुशारी लागत नाही. चिकाटी लागते आणि महिन्याला दोन तास लागतात. जे तेव्हा या पटांगणात तीनचाकी चालवत होते आणि आज नोकरीला लागलेत, त्यांच्यापैकी तिघांनी तरी पुढे यावं. फाईल ऑफिसच्या लोखंडी कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे. वर लाल अक्षरात 'मोरी' लिहिलं आहे. पुढचा अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायचा आहे आणि त्यावर कुणाची सही असेल, ते अजून ठरायचं आहे.

वीस मिनिटं झाली.